तातडीचा अर्ज

फॉर्मच्या चौथ्या रकान्यात लिहिलं होतं, 'बाब तातडीची का आहे ते पन्नास शब्दांत लिहा.' दिवाणीने पहिल्या झटक्यात साडेचारशे शब्द लिहिले. वकिलाला पन्नास शब्दांत आटपा म्हणणं म्हणजे लग्नाच्या आचाऱ्याला दोन माणसांचा स्वयंपाक सांगण्यासारखं आहे. जमत नाही असं नाही, पण त्याला तो अपमान वाटतो.

दिवाणी हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. बार रूममध्ये त्याला तसं म्हणायचे, कारण तो नुसते दिवाणी दावे चालवायचा. जागा, भिंती, भाडेकरू, सामाईक जिने. 'चालवायचा' हेही जरा कौतुकाने म्हटलेलं आहे. दिवाणी दावा चालत नाही. तो असतो, डोंगर असतो तसा. वकिलाने अधूनमधून त्याच्या पायथ्याशी जायचं, न्यायाधीशांनी मान वर करून 'चालवताय?' असं विचारलं की कमरेत वाकून एक तारीख मागायची, आणि खाली उतरून चहा प्यायचा. या कामात दिवाणीचा हात धरणारा त्या कोर्टात दुसरा नव्हता. बाकीचे वकील तारीख मागताना कारणं द्यायचे. दिवाणी नुसता चेहरा करायचा.

आणि त्यात फसवणूक नव्हती हो. भाडेकरूच्या बाजूने उभं राहिलं की तारीख हाच निकाल असतो. दिवाणीचा सगळ्यात जुना अशील एक शिंपी होता. एका जिन्याखाली त्याचं दुकान. दोन मशीन, एक आरसा, आणि मापं घेताना गिऱ्हाइकाला वाकावं लागेल इतकं उतरतं छत. मालकाला जिन्यासकट इमारत पाडायची होती. दिवाणीने अकरा वर्षांपूर्वी मनाई हुकूम मिळवला होता, पुढच्या तारखेपर्यंत शिंप्याला हलवायचं नाही असा, आणि तेव्हापासून अकरा वर्षं तो फक्त पुढची तारीख मिळवत आला होता. शिंपी दर तारखेला कोर्टाच्या दारात उभा राहायचा, 'पडली का?' विचारायचा, 'पडली' ऐकून खूश होऊन दुकानावर जायचा. असा अशील लाभायला भाग्य लागतं.

मग साथ आली आणि कोर्टं बंद झाली. वरून हुकूम निघाला की सगळ्या मनाई हुकुमांना सरसकट मुदतवाढ. वकिलांना घरबसल्या अशा घाऊक तारखा मिळालेल्या इतिहासात दुसऱ्या नसतील. दिवाणीला तर आपलं उभ्या आयुष्याचं काम कुणीतरी एका सहीत उरकून टाकल्याचं दुःखच झालं. पण सहा महिन्यांनी दुसरा हुकूम आला. सरसकट मुदतवाढ महिनाअखेर संपेल, त्यानंतर ज्याने त्याने आपापला तातडीचा अर्ज ऑनलाइन करावा. महिनाअखेरीच्या आत मनाई हुकूम वाढवून घेतला नाही, तर एक तारखेला मालक जिन्याखाली कुलूप ठोकायला मोकळा.

शिंप्याला दुसरी जागा नव्हती. राहायला एक खोली, त्यात पाच माणसं. सहावा कुणी आला तर चौथ्याला उठून उभं राहावं लागायचं.

अर्ज दोन पानांचा होता. एका दुपारचं काम, असं दिवाणी बायकोला म्हणाला. ती दुसरीच्या वर्गाची शिक्षिका होती आणि साथीमुळे शाळा तिच्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर भरत होती. तिने वर्गाला पाणी प्यायला सोडलं आणि म्हणाली, "वकीलसाहेब, तुमची दुपार मी ओळखते." ती त्याला वकीलसाहेब म्हणायची तेव्हा तो टोमणा समजून घ्यायचा असायचा.

पहिला अर्ज दोन दिवसांनी परत आला. आक्षेप, 'स्वाक्षरी निळ्या शाईत नाही.' सही निळ्याच शाईत होती, पण फोनने फोटो काळापांढरा काढला होता. दिवाणीने रंगीत काढला. आक्षेप, 'फाइल मर्यादेपेक्षा मोठी.' त्याने ती लहान केली. आक्षेप, 'मजकूर वाचता येत नाही.' मधला एक आकार शोधण्यात तीन दिवस गेले, तेव्हा कळलं की प्रतिज्ञापत्रावर नोटरीचा शिक्का लागतो. त्या भागातला नोटरी तिसऱ्या मजल्यावर दार लावून बसला होता. त्याने खिडकीतून दोरीला पिशवी बांधून सोडली. शिंप्याने खालून प्रतिज्ञापत्र त्यात ठेवलं. नोटरी धोका पत्करणारा माणूस नव्हता. शिक्का मारून झाल्यावर त्याने कागदावर जंतुनाशकाचे चार फवारे मारले आणि पिशवी खाली सोडली. आक्षेप, 'शिक्का पुसट.' पुन्हा पिशवी वर, पुन्हा खाली. पुढचा आक्षेप, 'रकाना चारमध्ये पन्नासऐवजी त्रेपन्न शब्द.'

कोर्टात कुणीतरी बसून ते मोजले होते, याचंच दिवाणीला कौतुक वाटलं. त्याने 'माननीय', 'नम्र' आणि 'कृपया' हे तीन शब्द काढले. अर्ज परत आला. आक्षेप, 'न्यायालयाचा उल्लेख यथोचित आदराने केलेला नाही.'

ही सगळी रडकथा तो रोज संध्याकाळी पाच वाजता बार रूममध्ये सांगायचा. म्हणजे खऱ्या नव्हे, फोनवरच्या. कोर्ट बंद झालं तरी पाचचा चहा बंद झाला नव्हता. ज्याने त्याने आपला कप घेऊन पडद्यावर यायचं, इतकंच. थोरले वकील, म्हणजे दिवाणीचे गुरू, यांचं फक्त कपाळ आणि त्यामागचा पंखा दिसायचा. सहा महिन्यांत कुणी त्यांचं तोंड पाहिलं नव्हतं, पण चाळीस वर्षांच्या वकिलीचा अधिकार कपाळावरूनही कळायचा. फौजदारी वकील रोज तेच गाऱ्हाणं सांगायचा, की सगळी माणसं घरात, त्यामुळे घरफोडी बंद. एरवी चोराला शोभावी अशी तोंडं सगळ्या गावाने बांधून ठेवलीत आणि धंदा मात्र एकट्या त्याचाच बुडालाय. घटस्फोटवाल्या बाईंचं उलट होतं. त्यांना श्वास घ्यायला फुरसत नव्हती. फक्त अशिलांना बोलता येत नव्हतं, कारण ज्याच्याविषयी बोलायचं तो हातभर अंतरावर वर्तमानपत्र वाचत बसलेला. त्यांची एक अशील रोज न्हाणीघरात बादली भरायला लावून पाण्याच्या आवाजात नवऱ्याची क्रूरता सांगायची. बाईंनी त्या दाव्यात नवऱ्याच्या क्रूरतेपेक्षा पाणी जास्त गेल्याचं सांगितलं.

पंधराव्या दिवशी अर्ज दाखल झाला. तारीख मिळाली, सत्तावीस, सकाळी अकरा. संध्याकाळी बार रूमने कप उंचावून दिवाणीचं अभिनंदन केलं. मग थोरल्यांचं कपाळ म्हणालं, "कोट आहे का?"

दिवाणीचा चहा थंड झाला. परिपत्रकात साफ म्हटलं होतं की पडद्यावरही वकिलाने पूर्ण गणवेशात हजर राहावं. आणि दिवाणीचा कोट कोर्टात होता. त्या कोर्टाची एक रीत होती. सकाळी येऊन कोट बार रूममधल्या आपल्या खुर्चीवर टाकायचा आणि मग जगात कुठेही जायचं. शिपाई बोलवायला आला की शेजारचा सांगायचा, "आहेत, आहेत. कोट आहे." कोट असला की वकील हजर, हे न्यायाधीशांनाही मान्य होतं. ज्या दुपारी कोर्टं अचानक बंद झाली त्या दुपारी बार रूममध्ये चाळीस कोट होते, त्यांच्यात माणूस एकही नव्हता. त्या हिशेबाने चाळीस वकील गेले सहा महिने कोर्टात अखंड हजर होते.

दिवाणीने बार रूम उघडून मिळावी म्हणून विनंतीचं पत्र पाठवलं. उत्तर तत्परतेने आलं. अर्जदाराने समक्ष येऊन अर्ज द्यावा. येताना गणवेशात यावं.

शेजारपाजारी काळा कोट शोधण्यात दोन दिवस गेले. एका घरातून लग्नातला कोट आला, पण तो चॉकलेटी होता आणि त्याला चमक होती. कुणीतरी काळी शाल सुचवली. शेवटी ही बातमी शिंप्यापर्यंत गेली आणि त्याचा फोन आला. साहेब, मी असताना तुम्ही लोकांकडे कोट मागता? दुकानाची गल्ली बंद होती, पण घरी हातमशीन होतं. फक्त मापं हवी होती.

मापं बायकोने घेतली. टेप घरात होताच, शिंपी फोनवर सांगत होता तसं ती मोजत गेली, आणि तिला मोठ्याने, सुटंसुटं बोलायची शिक्षकी सवय होती. छाती. बाह्या. मग पोट. पोटाचा आकडा तिने दोनदा सांगितला, कारण पहिल्यांदा शिंप्याचा विश्वास बसला नाही. त्याच वेळी ओट्यावर तिचा वर्ग चालू होता आणि ध्वनी बंद करायचा राहून गेला होता. संध्याकाळी एका पालकाने विचारलं, आज मुलांना 'चव्वेचाळीस' पाच वेळा लिहायला का दिलंय, आणि 'श्वास आत घ्या, अजून आत' हा कुठल्या धड्याचा भाग आहे. दिवाणीने त्या रात्री पोळी एक कमी खाल्ली. आईने विचारलं, बरं नाही का रे. या घरात माणसाला अपमानही शांतपणे गिळता येत नाही.

कापडाची दुकानं बंद होती. दिवाणीच्या घरात दोन काळ्या छत्र्या होत्या, शिंप्याच्या घरात एक. त्यांचं कापड उसवून शिंप्याने कोट शिवला. समोरचे दोन्ही भाग झाले, कॉलर झाली, बाह्या झाल्या, आणि कापड संपलं. कोटाला पाठ नव्हती. मागून तीन नाड्या होत्या. दिवाणी म्हणाला, अहो, हे काय. शिंपी म्हणाला, "कॅमेऱ्याला पाठ दिसते होय, साहेब? समोरून बघा. खांदा बघा." खांदा खरोखर सुरेख बसला होता. अकरा वर्षांत दिवाणीने त्याच्यासाठी इतकं मन लावून काही केलं नव्हतं, असा एक विचार दिवाणीच्या मनात आला आणि त्याने तो पुढे ढकलला.

राहता राहिलं नेटवर्क. वरच्या मजल्यावर टेलिफोनवाले काका राहायचे. खांबांवर चढून तारा जोडण्यात त्यांची हयात गेली होती आणि बिनतारी काहीही असलं की त्यांना ते थोतांड वाटायचं. त्यामुळेच त्यांना सल्ल्यासाठी बोलावण्यात आलं. त्यांनी दिवाणीचा फोन हातात धरून घरभर फेऱ्या मारल्या. डॉक्टर छाती तपासतो तसे ते दर चार पावलांवर थांबायचे, डोळे मिटायचे आणि 'हं' म्हणायचे. अखेर त्यांनी निदान केलं, की या घरात धड नेटवर्क फक्त फ्रिज आणि कपड्यांच्या कपाटाच्या मधल्या फटीत आहे, तेही फ्रिज बंद ठेवला तर. शिवाय सत्तावीस तारखेला साऱ्या इमारतीने तासभर इंटरनेट सोडलं पाहिजे. काका कामाला लागले की मग थांबत नसत. त्यांनी जिन्यात स्वतःच्या अक्षरात सूचना लावली, 'वकीलसाहेबांना तातडी असल्याने सत्तावीस तारखेस अकरा ते बारा सर्वांनी सहकार्य करावे.' त्या दिवसापासून दिवाणीला घराघरांतून पोटासाठी काढे यायला लागले. तळमजल्यावरच्या आजीने तर आपला खालचा संडास केव्हाही वापर म्हणून निरोप पाठवला. त्याने प्रत्येकाला खरी हकिगत सांगितली. प्रत्येक जण ती ऐकून घेऊन काढा ठेवून गेला.

सत्तावीस तारीख उजाडली. बायकोने वर्गाला सुटी दिली. फ्रिज बंद झाला. फटीत स्टूल बसलं, स्टुलावर दिवाणी बसला, समोर डब्यांच्या चळतीवर फोन. आईने आंघोळ करून चांगलं लुगडं नेसलं आणि ती खुर्ची घेऊन शेजारी बसली. मुलगा वकील होऊन इतकी वर्षं झाली, पण तिने त्याला कोर्टात कधी पाहिलं नव्हतं. संध्याकाळी दमून आलेला तेवढा पाहिला होता. ओळखीपाळखीत ती सांगायची, माझा मुलगा भल्याभल्यांशी भांडतो. काका नेटवर्कच्या देखरेखीसाठी दारात उभे राहिले. बायकोने मागून तिन्ही नाड्या बांधल्या आणि जाताना पाठीवर हळूच एक थाप मारली. ती थेट बनियनवर बसली. शिंपी आपल्या घरून, स्वच्छ शर्ट घालून, जोडला गेला होता. त्याचं तोंड एका छोट्या चौकोनात दिसत होतं, आणि त्याच्यामागे त्याची चार माणसं ओळीने उभी होती.

दिवाणीचा क्रमांक चौदा होता. तेरा वकील आधी होऊन गेले. कुणाचा आवाज येत नव्हता, कुणाचं चित्र. एक जण पाच मिनिटं घसा ताणून बोलला आणि मग त्याला सांगण्यात आलं की तुम्ही मूक आहात. एकाच्या घरातून कुकरच्या शिट्ट्या झाल्या, न्यायाधीशांनी त्या तीन मोजल्या आणि गॅस बंद करा म्हणाले. प्रत्येक गडी बाद झाला की काका समाधानाने मान हलवायचे. दिवाणी जरा सरसावून बसला, तसा छत्रीचा कोट सळसळला. न्यायाधीशांनी मान वर केली आणि कुणाकडे पाऊस पडतोय का, असं विचारलं. दिवाणी पुढची वीस मिनिटं श्वासही बेताने घेत होता.

"बाब क्रमांक चौदा."

आणि इथे मात्र सगळं जुळून आलं. चित्र काचेसारखं स्वच्छ. आवाजात घरघर नाही, प्रतिध्वनी नाही. काकांनी दारातून अंगठा दाखवला. मालकाचा वकील पडद्यावर होता, पण त्याचं नेटवर्क गोठलं होतं. अर्धं तोंड उघडं ठेवून तो पुतळ्यासारखा थिजला होता, म्हणजे विरोध करायलाही कुणी नव्हतं. न्यायाधीशांच्या हातात अर्ज होता. त्यांनी तो चक्क वाचला होता. रकाना चारवर त्यांनी बोट ठेवलेलं दिसत होतं. दिवाणीने पंधरा दिवस झिजून घडवलेले पन्नास शब्द त्यांच्या बोटाखाली होते, आणि ते मान हलवत होते. आता फक्त 'हो साहेब' म्हणायचं, दोन वाक्यं बोलायची, आणि मनाई हुकूम वाढला.

न्यायाधीशांनी मान वर केली, चष्मा सरळ केला आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, "चालवताय?"

दिवाणी स्टुलावरून अर्धा उठला, कमरेत वाकला, चेहरा केला आणि म्हणाला, "एक तारीख मिळावी, साहेब."

शब्द खणखणीत गेले. तुटले नाहीत, अडकले नाहीत. त्या दिवशी त्या कोर्टात इतकं स्पष्ट दुसरं कुणीच बोललं नव्हतं.

न्यायाधीशांनी अर्जावरचं नाव पुन्हा पाहिलं. अर्ज तुमचाच ना, असं त्यांनी विचारलं. दिवाणी हो म्हणाला. तातडीचा? दिवाणी पुन्हा हो म्हणाला, आणि आपण काय बोललो ते तेव्हा कुठे त्याच्या कानापासून डोक्यापर्यंत पोहोचलं. म्हणजे साहेब, मला म्हणायचं होतं, एवढं तो बोलतोय तोच मालकाच्या वकिलाचं नेटवर्क सुटलं. त्याच्या अर्ध्या उघड्या तोंडातून गेली कित्येक वर्षं तिथे तयार असलेलं वाक्य बाहेर पडलं, "आमची हरकत नाही."

मग लिहून घेण्यात आलं. अर्जदाराने स्वतःच मुदत मागितली. समोरच्यांची हरकत नाही. सबब तातडी दिसून येत नाही. सहा आठवड्यांनी ठेवा. मनाई हुकूम वाढवण्याबद्दल एक अक्षर नव्हतं. दिवाणी हात हलवत होता, कोट वादळासारखा सळसळत होता, पण कोर्टाच्या कारकुनाने त्याचा आवाज बंद केला होता. त्याने मागे वळून बायकोला काहीतरी खूण केली तेव्हा त्याची उघडी पाठ बाब क्रमांक पंधराच्या दोन्ही पक्षांनी पाहिली. नंतर पडद्यावर अक्षरं आली, 'आपल्याला या बैठकीतून काढण्यात आले आहे.'

काकांनी घड्याळ पाहिलं. एकदाही तुटलं नाही, असं ते म्हणाले आणि कौतुकाची वाट पाहत उभे राहिले. बायकोने फ्रिज चालू केला. ती वकीलसाहेबही म्हणाली नाही, तेव्हा दिवाणीला परिस्थितीचं गांभीर्य कळलं.

आई म्हणाली, "झालं?"

"झालं."

"मग भांडलास कधी?"

दिवाणी नाड्या सोडत होता. आई खुर्ची उचलून आत नेता नेता म्हणाली, "एवढ्यासाठी दमून यायचास होय रे."

त्याने बारा वाजून दहा मिनिटांनी नवा तातडीचा अर्ज टाकला. कधी नव्हे ते उत्तर तासाभरात आलं. याच बाबीवरील अर्ज प्रलंबित आहे, सबब दुसरा घेता येत नाही. त्याने कोर्टात फोन लावला. वाजत राहिला. बहुधा तिथे कोट उचलत असतील.

पाच वाजता त्याने बार रूमला सांगितलं. वाटलं होतं हसतील. कुणी हसलं नाही. फौजदारीने कप खाली ठेवला. घटस्फोटवाल्या बाईंनी डोळे मिटले. माझ्याही हातून होऊ शकलं असतं, हे प्रत्येकाच्या चौकोनात स्वच्छ लिहिलेलं दिसत होतं. अखेर थोरल्यांचं कपाळ म्हणालं, की त्यांच्या मोतिबिंदूच्या वेळी डॉक्टरांनी 'सुरू करायचं का?' विचारलं तेव्हा त्यांनीही पुढची तारीख मागितली होती. डॉक्टरांनी दिली. डोळा गेला. म्हणून तर त्यांना कॅमेरा नीट लावता येत नव्हता, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं.

मग उपायांची चर्चा झाली. वरच्या कोर्टात जायचं तर आधी आजच्या आदेशाची प्रत हवी, तिला आठ दिवस. महिना संपायला तीन. मालकाच्या वकिलाला माणुसकीने सांगून पाहावं असं बाई म्हणाल्या. दिवाणीने ते दुपारीच केलं होतं. त्या वकिलाला फार वाईट वाटलं होतं. तो म्हणाला होता, हरकत नाही असं मी ऐकूनसवरून म्हटलंच नाही, नुसतं म्हणालो. पण त्याचा अशील आताच कुलूप विकत घेऊन आला होता.

राहिला प्रश्न शिंप्याला काय सांगायचं. त्यावर मात्र बार रूमचं एकमत व्हायला अर्धं मिनिटही लागलं नाही. नेटवर्क सांग. फौजदारी म्हणाला, यंदा नेटवर्कइतका भरवशाचा साक्षीदार नाही, उलटतपासणीला सापडत नाही. बाई म्हणाल्या, त्याला काय कळतंय. थोरल्यांचं कपाळ खाली झुकलं. त्यांच्यामागे पंखा फिरत राहिला.

सहा वाजता शिंप्याचाच फोन आला. मागे मशीन चालल्याचा आवाज येत होता. तो खुशीत होता. सगळं पाहिलं म्हणाला, सगळं ऐकलं, पोरांनीही ऐकलं. कोट लांबून झकास दिसत होता. "आणि तारीख पडली ना, साहेब? मग झालं. बायकोला म्हटलं, पडली तारीख, आता सहा आठवडे बघायला नको."

दिवाणी फ्रिज आणि कपाटाच्या मधल्या फटीतच बसला होता. का कोण जाणे, तिथून उठलाच नव्हता.

"हुकूम वाढला नाही," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"तारीख अर्जाला पडली. दुकानाला नाही. एक तारखेला मालक कुलूप लावू शकतो."

मशीन थांबलं. मग पलीकडे कुणीतरी काहीतरी विचारलं आणि शिंप्याने त्याला हळू आवाजात, थांब म्हणून सांगितलं. अकरा वर्षांत त्याने कधी आवाज चढवला नव्हता, आताही चढवला नाही.

"तुमचं काही चुकलं नसणार," तो म्हणाला. "नेटवर्क गेलं असेल मधेच."

घडी घालून, बटणं लावून, इस्त्री करून तयार कपडा गिऱ्हाइकाच्या हातात द्यावा तसं शिंप्याने ते कारण त्याच्यासमोर धरलं होतं. दिवाणीने नुसतं हो म्हणायचं होतं.

"नाही," तो म्हणाला. "नेटवर्क चांगलं होतं. मीच तारीख मागितली."

"कशासाठी, साहेब?"

थोरले दुसऱ्या कोर्टात गुंतलेत. कागद मिळाले नाहीत. साक्षीदार आजारी आहे. अशी साठ-सत्तर कारणं दिवाणीला झोपेतही पाठ होती, आणि हा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारला नव्हता. न्यायाधीशांनी नाही, समोरच्या वकिलाने नाही, शिंप्याने तर कधीच नाही. तो तोंड उघडून बसला. शेजारी फ्रिज घुरघुरत होता.

शिंपी पलीकडे थांबला.

"हॅलो," तो म्हणाला. "साहेब? ऐकू येतंय ना?"

"येतंय," दिवाणी म्हणाला. "अगदी स्वच्छ येतंय."